पोर्टोबेलो : ‘जून’ ठरलेल्या अळिंबीचा इतिहास

१/ पांढरी बटण अळिंबी, तपकिरी क्रेमिनी आणि तळहाताएवढी पोर्टोबेलो या तिन्ही बाजारात वेगवेगळ्या नावांनी व भावांनी विकल्या जातात. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या एकाच प्रजातीच्या आहेत : अगॅरिकस बायस्पोरस. क्रेमिनी वाढू दिली की तिचीच पोर्टोबेलो होते. भेद आहे तो केवळ रंगाचा आणि वयाचा.

२/ या अळिंबीची पद्धतशीर लागवड फ्रान्समध्ये रुजली. १७०७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर याने घोड्याच्या लिदीवर ती पिकवण्याची रीत वर्णन केली. अळिंबीला वाढीसाठी उजेड लागत नाही. त्यामुळे १९व्या शतकात ही शेती पॅरिसखालच्या दगडाच्या जुन्या खाणींत उतरली. तेथे अंधार, ओलावा आणि वर्षभर जवळजवळ सारखे तापमान होते.

३/ खाणींचा आणखी एक लाभ म्हणजे शहराचे सान्निध्य. तोडलेली अळिंबी फार काळ टिकत नाही. शीतगृहे येण्यापूर्वी तिची शेती ग्राहकाच्या जवळ असणे भागच होते.

४/ अमेरिकेतही हेच घडले. फिलाडेल्फियाजवळच्या केनेट स्क्वेअर येथे १९व्या शतकाच्या अखेरीस विल्यम स्वेन या फुलशेती करणाऱ्याने काचगृहातील मांडण्यांखालची रिकामी, अंधारी जागा अळिंबीसाठी वापरली. बियाणे युरोपातून येई. पुढे हा परिसर अमेरिकेतील अळिंबीचे प्रमुख केंद्र बनला.

५/ मूळ पीक तपकिरी होते. १९२५ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील कोट्सव्हिल येथे, लुई लँबर्ट यांच्या शेतावर, तपकिरी वाफ्यात काही शुभ्र अळिंब्या उगवल्या. या नैसर्गिक उत्परिवर्तनापासून पांढरे वाण तयार करण्यात आले. पांढरा पाव उजवा मानणाऱ्या त्या काळात पांढरी अळिंबीही ग्राहकांना अधिक आकर्षक वाटली. तपकिरी मागे पडली.

६/ छत्री पूर्ण उघडलेल्या तपकिरी अळिंबीची स्थिती तर आपल्याकडच्या जून भेंडीसारखी होती. तिला उठाव नसे. १९८० च्या दशकात उत्पादकांनी तिलाच ‘पोर्टोबेलो’ या नावाने बाजारात आणले. नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. त्याचा इटालियन नाद मात्र उपयोगी पडला. मांसाऐवजी बर्गरमध्ये ती अखंड बसू लागली.

७/ हे केवळ नावाने साधले नाही. छत्री उघडल्यावर तिच्यातील ओलावा घटतो, गर घट्ट होतो आणि चव गडद होते. स्वयंपाकात देठ चिवट लागला तर बारीक चिरून रश्शात घालावा. छत्रीखालचे काळपट पापुद्रे पदार्थाला रंग सोडतात; तो नको असल्यास चमच्याने खरवडावेत. तवा चांगला तापलेला असावा आणि गर्दी करू नये, अन्यथा अळिंबी भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजते.

८/ साठवणीचे कारणही तिच्या स्वभावातच आहे. तोडल्यानंतरही अळिंबीचे श्वसन चालू राहते व ओलावा बाहेर पडतो. बंद प्लास्टिकमध्ये तो साचून ती बुळबुळीत होते. म्हणून न धुता, कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावी आणि वापरण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावी. अधिक दिवस ठेवायची असल्यास आधी परतून मग गोठवावी.

९/ या इतिहासात एक गोष्ट फारशी बदलली नाही. ताज्या बाजारासाठी अळिंबी आजही मुख्यतः हातानेच तोडली जाते. केनेट स्क्वेअरमध्ये हे काम आधी इटालियन, नंतर पोर्तो रिकोचे आणि पुढे मेक्सिकन स्थलांतरितांकडे आले. १९९३ मध्ये तेथील एका मोठ्या शेतावरील मजुरांना वेतनासाठी संप करावा लागला. तोवर पोर्टोबेलो उपाहारगृहांत प्रतिष्ठित होऊ लागली होती.

१०/ रंगामुळे मागे पडलेली आणि वयामुळे नाकारलेली अळिंबी नव्या नावाने महाग झाली. तिच्या भावाचा इतिहास लिहिताना तोडणाऱ्या हातांची नोंदही त्यात असायला हवी.