निराधार ज्येष्ठ नागरिकांसाठी अन्नसाहाय्य : योजना, तरतुदी आणि उणिवा

उत्पन्नाचे साधन नसलेल्या वृद्धांना अन्न पुरविणे ही देशात कोणा एका योजनेची जबाबदारी नाही. धान्य अन्न व नागरी पुरवठा खात्याकडून मिळते, निवृत्तिवेतन ग्रामविकास किंवा सामाजिक न्याय खात्याकडून येते आणि शिजविलेले अन्न काही मोजक्या राज्यांतच दिले जाते. त्यामुळे आपण नेमके कशास पात्र आहोत, हे लाभार्थ्यास आणि कित्येकदा गावपातळीवरील कर्मचाऱ्यासही नीट ठाऊक नसते. या तरतुदी कशा निर्माण झाल्या आणि आज त्यांचे स्वरूप काय आहे, याचा हा आढावा.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे आणि त्यावरील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत वृद्धापकाळी सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात नमूद आहे. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. या तत्त्वाला देशपातळीवर योजनेचे रूप येण्यास १९९५ साल उजाडावे लागले.

निवृत्तिवेतन आणि अन्नपूर्णा

राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यातील वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेनुसार ६५ वर्षे पूर्ण केलेल्या निराधार व्यक्तीस केंद्राकडून दरमहा ७५ रुपये मिळत. राज्यवार कमाल संख्या ठरवून दिलेली असल्याने सर्व निकष पूर्ण करूनही अनेक वृद्ध यादीबाहेर राहत. लाभार्थ्याचा मृत्यू होऊन जागा रिकामी झाल्याखेरीज नव्या अर्जदाराची वर्णी लागत नसे.

संयुक्त राष्ट्रांनी १९९९ हे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण आले आणि यादीबाहेर राहिलेल्या वृद्धांसाठी अन्नपूर्णा योजनेची घोषणा झाली. २०००-०१ या आर्थिक वर्षापासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळणाऱ्या ६५ वर्षांवरील व्यक्तीस दरमहा दहा किलो तांदूळ किंवा गहू विनामूल्य द्यावा, अशी तिची साधी रचना आहे. लाभार्थ्यांची निवड ग्रामपंचायतींनी करावी आणि याद्या सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी लावाव्यात, असे ठरले. महाराष्ट्रात ही योजना २००१ पासून राबविण्यात आली. (स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर देणारी, महाराष्ट्रात २०२४ मध्ये जाहीर झालेली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना निराळी आहे. नामसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत होते.)

योजनेच्या रचनेतच तिची मर्यादा दडलेली आहे. निवृत्तिवेतन आणि धान्य यांपैकी एकच लाभ घेता येतो. निवृत्तिवेतन मंजूर झाले की दहा किलो धान्य थांबते. म्हणजे निराधार वृद्धास धान्य आणि रोख रक्कम या दोन्हींची गरज असू शकते, हे योजनाकारांनी गृहीतच धरले नाही. दुसरे असे, की २००२-०३ मध्ये ही योजना निवृत्तिवेतनासह राज्यांच्या योजनेत वर्ग करण्यात आली. निधीचा प्राधान्यक्रम राज्यांनी ठरवायचा असल्याने काही राज्यांनी ती नेटाने चालविली, तर काहींमध्ये ती नावापुरती उरली. २०१४-१५ पासून सामाजिक साहाय्य कार्यक्रम पुन्हा केंद्रपुरस्कृत झाला. त्यात वृद्धापकाळ निवृत्तिवेतनासाठी सुमारे २ कोटी २१ लाख, तर अन्नपूर्णा योजनेसाठी केवळ सुमारे ८ लाख ३० हजार लाभार्थ्यांची मर्यादा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की योजनेचा आवाका स्पष्ट होतो.

मधल्या काळात निवृत्तिवेतनाचे स्वरूप बदलले. २००६ मध्ये केंद्राचा वाटा २०० रुपये झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव देऊन 'निराधार' ऐवजी 'दारिद्र्यरेषेखालील' हा निकष लावण्यात आला. २०११ मध्ये वयोमर्यादा साठवर आणण्यात आली आणि ऐंशी वर्षांवरील व्यक्तींसाठी ५०० रुपये ठरले. साठ ते एकोणऐंशी या वयोगटासाठी २०० रुपयांचा केंद्रीय वाटा मात्र पुढे दशकाहून अधिक काळ तसाच राहिला. त्यात स्वतःची भर घालण्याचे काम राज्यांवर सोडण्यात आले. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. गोव्यात २००१ पासून चालू असलेल्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत २,००० रुपये मिळतात. एकाच देशातील दोन समवयस्क, सारख्याच गरीब वृद्धांच्या हाती पडणाऱ्या रकमेत राज्याच्या सीमेनुसार कित्येक पटींचे अंतर पडते ते यामुळेच.

न्यायालयाचा हस्तक्षेप

या योजना सरकारच्या मर्जीवर न राहता हक्क बनल्या, त्याचे श्रेय पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेकडे जाते. राजस्थानात दुष्काळ होता आणि भारतीय अन्न महामंडळाची गोदामे भरलेली होती, ही त्या याचिकेची पार्श्वभूमी. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने आठ योजनांचे लाभ कायदेशीर हक्क ठरविले. अन्नपूर्णा, वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आणि अंत्योदय अन्न योजना यांचा त्यांत समावेश होता. अन्नपूर्णा योजनेचे लाभार्थी निश्चित करून १ जानेवारी २००२ पर्यंत धान्यवाटप सुरू करावे आणि निवृत्तिवेतन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावे, असेही त्यात म्हटले होते. आदेशांच्या पालनावर देखरेख ठेवण्यासाठी न्यायालयाने आयुक्त नेमले. एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन हे दोघेही माजी सनदी अधिकारी असल्याने सरकारी कागदपत्रांतील रिकाम्या जागा त्यांना अचूक दिसत.

अंत्योदय अन्न योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली होती. सर्वांत गरीब एक कोटी कुटुंबांना दोन रुपये किलो दराने गहू आणि तीन रुपये किलो दराने तांदूळ देणाऱ्या या योजनेत प्रारंभी कुटुंबाला २५ किलो धान्य मिळे, ते एप्रिल २००२ पासून ३५ किलो झाले. पुढे तीन टप्प्यांत कुटुंबांची संख्या अडीच कोटींपर्यंत वाढविण्यात आली. न्यायालयाच्या २ मे २००३ च्या आदेशाने, नियमित आधार आणि उपजीविकेची शाश्वती नसलेल्या साठ वर्षांवरील व्यक्तींना या योजनेत घेण्याचे निर्देश दिले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दृष्टीने या सर्व घडामोडींत हाच आदेश सर्वाधिक मोलाचा म्हणावा लागेल.

पाच किलो की पस्तीस किलो

त्याचे कारण २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात सापडते. या कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत सवलतीचे धान्य पोहोचविण्याची तरतूद केली. लाभार्थी कुटुंबांचे दोन वर्ग आहेत. प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबास सदस्यसंख्या कितीही असली तरी ३५ किलो मिळते.

एकट्या राहणाऱ्या विधवा वृद्धेची शिधापत्रिका पहिल्या वर्गात असेल तर तिला महिन्याला पाच किलो मिळतात, दुसऱ्या वर्गात असेल तर पस्तीस. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य. शंभर ग्रॅम धान्यातून ढोबळमानाने ३४५ उष्मांक मिळतात असे धरल्यास, त्यातून दिवसाकाठी ५७० उष्मांकांच्या आसपास हाती येतात. मोठ्या कुटुंबात कमावत्या व्यक्तीच्या मिळकतीतून उरलेली गरज भागते. एकट्या वृद्धेपुढे तो मार्ग नसतो. म्हणूनच शिधापत्रिकेवर 'अंत्योदय' हा शिक्का आहे की नाही, ही अशा व्यक्तीसाठी तांत्रिक बाब राहत नाही. अंत्योदय कुटुंबांची राज्यवार संख्या ठरलेली असल्याने नव्या अर्जदारास पुन्हा जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते, ही जुनी अडचण येथेही कायम आहे.

कायद्याच्या दरानुसार तांदूळ तीन, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो होते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेखाली ते तसेच ठेवण्याचा निर्णय झाला. त्यामुळे 'मोफत धान्य' हे अन्नपूर्णा योजनेचे वेगळेपण आता उरलेले नाही.

कायदा होण्यापूर्वीच्या प्रवासाचा एक तपशील सहसा चर्चेत येत नाही. २०११ मध्ये संसदेत मांडलेल्या अन्न सुरक्षा विधेयकात निराधार व्यक्तींना दिवसातून किमान एक वेळचे जेवण विनामूल्य देण्याची तरतूद होती. २०१३ च्या कायद्यात ती नाही. गर्भवती, स्तनदा माता आणि बालके यांच्या आहाराचा हक्क कायम राहिला. वृद्धांच्या वाट्याला तिसऱ्या अनुसूचीतील एक उल्लेख आला, तो ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि एकल महिला यांच्यासाठी पुरेशा निवृत्तिवेतनाचा. या अनुसूचीतील उद्दिष्टे सरकारांनी टप्प्याटप्प्याने साध्य करण्याचा प्रयत्न करावा, एवढेच कायदा सांगतो.

शिजविलेले अन्न

धान्य हाती आले तरी ते दुकानातून घरी आणणे, निवडणे, दळणे आणि सरपण किंवा गॅसची सोय करून शिजविणे शिल्लक राहते. दात नसलेल्या, दृष्टी अधू झालेल्या व्यक्तीला हे दहा किलो धान्यही ओझे वाटू शकते. ज्या राज्यांनी ही अडचण ओळखली त्यांत तामिळनाडूचे नाव प्रथम घ्यावे लागेल. तेथे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९६२ पासून दिले जाते. शाळांतील मध्यान्ह भोजनासाठी उभारलेल्या स्वयंपाकघरांचाच उपयोग करून १९८० च्या दशकात निवृत्तिवेतनधारक वृद्धांनाही तेथे दुपारचे जेवण देण्यास सुरुवात झाली. जे केंद्रावर जेवतात त्यांना दरमहा दोन किलो आणि जे जेवत नाहीत त्यांना चार किलो तांदूळ विनामूल्य, शिवाय पोंगल आणि दिवाळीला साडी किंवा धोतर, अशी तेथील पद्धत आहे. निवृत्तिवेतन, तांदूळ आणि जेवण हे तिन्ही एकाच व्यक्तीला मिळू शकते. केंद्राच्या अन्नपूर्णा योजनेतील 'हे किंवा ते' या तत्त्वाच्या हे नेमके उलट आहे.

ओडिशातील कालाहंडी, बलांगीर आणि कोरापुट हा अविभाजित जिल्ह्यांचा टापू भूकबळींच्या बातम्यांमुळे देशभर परिचित झाला. पुढे त्याचे आठ जिल्हे झाले. तेथे आपत्कालीन अन्नपुरवठा कार्यक्रमाखाली सुमारे दोन लाख वृद्ध, दुर्बल आणि निराधार व्यक्तींना अंगणवाडी केंद्रांमार्फत भात, डाळ व भाजी असे शिजविलेले अन्न देण्याची व्यवस्था करण्यात आली. महाराष्ट्रात जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीची किंमत दहा रुपये ठेवण्यात आली. तिला वयाची अट नाही, मात्र केंद्रे मुख्यतः शहरे आणि तालुक्याच्या ठिकाणी असल्याने वाडीवस्तीवरील वृद्धाला तिचा उपयोग मर्यादितच.

दुकानातील अडचणी

स्वस्त धान्य दुकानांत ई-पॉस यंत्रे आल्यापासून धान्य उचलताना बोटांचा ठसा जुळणे आवश्यक झाले. आयुष्यभर कष्टाची कामे केलेल्या वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. आधार क्रमांक नसल्याने किंवा ठसा न जुळल्याने कोणालाही धान्य नाकारू नये, अशी लेखी सूचना केंद्रीय अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिली. अशा प्रसंगी अपवाद नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावयाचे असते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस आपल्या वतीने धान्य घेण्यासाठी दुसऱ्याचे नामनिर्देशन करण्याची सोयही अनेक राज्यांत आहे. सूचना आणि व्यवहार यांत अंतर पडते ते बहुधा दुकानाच्या काउंटरवर. लाभार्थ्याने नोंदवहीचा आग्रह धरल्यास दुकानदाराला नकार देणे अवघड होते.

मुलांकडे परगावी राहावयास गेलेल्या आईवडिलांसाठी 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था उपयोगी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये चार राज्यांपासून सुरू होऊन जून २०२२ पर्यंत ती सर्व राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. सोलापूरची शिधापत्रिका असलेल्या वृद्धेला सुरतेत किंवा इंदूरमध्ये आपल्या वाट्याचे धान्य घेता येते आणि गावी राहिलेल्या कुटुंबीयांचा वाटा अबाधित राहतो. मात्र शिधापत्रिका अन्न सुरक्षा कायद्याखालील असली पाहिजे. राज्याने स्वतःच्या योजनेतून दिलेल्या शिधापत्रिकेला ही सोय लागू नाही.

याच कायद्यानुसार कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ महिला शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानली जाते. त्यामुळे पुष्कळ घरांत कागदोपत्री कुटुंबप्रमुख आजीच असते. तिला याची कल्पना असतेच असे नाही.

धान्य न मिळाल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास राज्य अन्न आयोगाकडे दाद मागता येते. हक्काचे धान्य न पुरविल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कायद्यात आहे. शिधावाटपविषयक तक्रारींसाठी १९६७ हा क्रमांक आहे, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्यरत आहे. ज्यांची मुले सक्षम असूनही सांभाळ करीत नाहीत, अशा आईवडिलांसाठी २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्यातील निर्वाहाच्या व्याख्येत अन्नाचा स्पष्ट समावेश असून अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो.