सदाफुलीची परीक्षा

कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरांवर तंजावर आहे. तेथे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारला. औषध कोणते दिले आणि रुग्णास गुण कसा आला, याची नोंद तेथे ठेवीत. औषधाची ख्याती पुरेशी नाही, ते पारखून घेतले पाहिजे, हा त्यामागील विवेक.

त्या विवेकाचे मोल आपल्या अंगणातील सदाफुलीने पुढे जगास पटविले. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. कॅनडातील नोबल आणि बीअर यांनी तिचा अर्क उंदरांवर योजून पाहिला. रक्तातील साखर उतरली नाही. श्वेतपेशी मात्र झपाट्याने घटल्या. या अनपेक्षित फळाचा त्यांनी पाठपुरावा केला आणि १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य जगापुढे ठेवले. पेशी दुभंगताना तीत सूक्ष्म तंतू जुळून येतात. ही जुळणीच ते रोखते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ खुंटते.

तथापि काचपात्रात पेशी मेल्या, म्हणजे रोगी वाचला असे नव्हे. निरोगी पेशींनाही हे द्रव्य बाधते. मात्रा काटेकोर लागते. म्हणूनच घरच्या काढ्यावर विसंबून उपचार लांबविणे जिवावर बेतू शकते. लोकांच्या अनुभवाने वनस्पतीकडे बोट दाखवावे. औषध कोणते, हे मात्र परीक्षेनेच ठरावे.