ईसरलाटच्या खाली

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात आमची बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती. हिंजवडीत रोज दीड तास बसमध्ये काढत असल्यामुळे मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. गाइडने मात्र वेळेचा उपयोग करायचं ठरवलं. माइक हातात घेऊन त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. दुकानांच्या मागून एक सात मजली मनोरा वर आला होता. "ये ईसरलाट है. सरगासूली भी बोलते हैं. महाराजा ईश्वरीसिंह ने बनवाया, और एक ही साल बाद मराठों के डर से ज़हर खा लिया."

बसमध्ये आम्ही ३६ जण होतो, सगळे पुणे, चिंचवड आणि सातारकडचे. आठ दिवसांची राजस्थान सहल: जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर, उदयपूर. सोबत आपले आचारी, त्यामुळे वाळवंटातही सकाळी कांदेपोहे. मी आईला घेऊन गेलो होतो. सरासरी वय साठच्या पुढे, आणि मी अठ्ठावीसचा, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाइलचा अधिकृत मेकॅनिक झालो होतो.

गाइडच्या त्या वाक्यानंतर दोन सेकंद शांतता होती. मग मागच्या सीटवरून एक काका उठले. "डर से म्हणजे? काय बोलतोय हा? मराठ्यांनी देश राखला म्हणून आज हे महाल उभे आहेत!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. टूर मॅनेजरने घाईघाईने माइक काढून घेतला आणि अंताक्षरी सुरू केली.

रात्री जेवताना काका माझ्या शेजारी येऊन बसले. "अरे, तू इंजिनिअर आहेस ना? एक चांगला कडक मेल लिही कंपनीला. असला गाइड पुन्हा मराठी ग्रुपला देता कामा नये. खाली सगळ्यांच्या सह्या घेऊ." मी हो म्हणालो. नुसता भावनिक नको, तारखा-पुराव्यांसकट लिहू, असंही वर मीच म्हणालो. बग रिपोर्ट लिहायची सवय. आधी गोष्ट नीट समजून घ्यायची, मग समोरच्याला चूक म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी बिकानेरच्या रस्त्यावर आई खिडकीला डोकं टेकवून झोपली होती आणि मी फोनवर जदुनाथ सरकारांचं मुघल साम्राज्याच्या पतनावरचं पुस्तक उघडून बसलो होतो. त्यात आणि नंतर सरदेसायांच्या रियासतीत जे वाचलं, ते थोडक्यात सांगतो.

जयपूर वसवणारा सवाई जयसिंह सप्टेंबर १७४३ मध्ये वारला. थोरला मुलगा ईश्वरीसिंह गादीवर आला. पण जयसिंहाने उदयपूरच्या राजकन्येशी लग्न केलं, तेव्हा तिच्या पोटी मुलगा झाला तर गादी त्याचीच, असा शब्द दिला होता. तो मुलगा म्हणजे माधोसिंह. भांडणाची सगळी सामग्री बापानेच तयार करून ठेवलेली. दोघांनाही फौज हवी होती, आणि त्या काळी उत्तरेत भाड्याने मिळणारी सगळ्यात भारी फौज आपली होती.

यापुढचा भाग शाळेत कुणी शिकवला नव्हता. शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे, होळकर माधोसिंहाच्या बाजूने, आणि पुण्यात कर्जात बुडालेले नानासाहेब पेशवे, ज्यांना दोन्हीकडून नजराण्याची आश्वासनं येत होती. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन सेल्स टीम एकमेकांच्या विरोधातल्या दोन ग्राहकांना तेच प्रॉडक्ट विकतायत आणि हेड ऑफिसला फक्त तिमाहीचा आकडा दिसतोय. (ही उपमा उथळ आहे हे मला कळतं. पण त्या बसमध्ये मला ते असंच समजलं.)

मार्च १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकला. हा मनोरा त्या विजयाचा. पण तो बांधून होईपर्यंत, म्हणजे १७४९ पर्यंत, विजय हातातून गेलाही होता. ऑगस्ट १७४८ मध्ये बगरूला मल्हारराव होळकरांनी त्याला नमवलं, भावाला परगणे द्यायला लावले आणि मोठी खंडणी कबूल करून घेतली. ती खंडणी काही फिटेना. भरीला, ज्या दिवाणाच्या जोरावर कारभार चालला होता त्या केशवदासाला ईश्वरीसिंहाने संशयावरून विष देऊन मारलं. मराठ्यांशी बोलणी करू शकणारा भरवशाचा माणूस संपला. १७५० च्या शेवटी मल्हारराव फौज घेऊन जयपूरच्या दिशेने निघाले. वकील जी रक्कम घेऊन सामोरे आले ती त्यांना फारच तोकडी वाटली.

लढायला फौज कुठे आहे, असं ईश्वरीसिंहाने आपल्या हरगोविंद नाटाणीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझ्या खिशात आहे. आणि मराठे वेशीजवळ आल्यावर म्हणाला, खिसा फाटला. ही आख्यायिका आहे. पण राजा किती एकटा पडला होता हे तिच्याइतकं नेमकं इतर कशातून कळत नाही. डिसेंबर १७५० च्या एका रात्री त्याने विष घेतलं आणि नाग मागवून स्वतःला दंश करून घेतला. त्याच्या राण्यांनीही विष घेतलं. जयपूरच्या बाकी राजांच्या छत्र्या गेटोरला आहेत, त्याची एकट्याची जयनिवास बागेत.

म्हणजे गाइड बरोबर होता. त्याने एक शब्दही वाढवून सांगितला नव्हता. उलट कमीच सांगितलं होतं, कारण गोष्ट तिथे संपत नाही.

माधोसिंह मराठ्यांच्या मदतीने गादीवर बसला. लगेच हिशेब पुढे आला. मल्हारराव होतेच, जयाप्पा शिंदेही येऊन पोचले आणि मागणी रोख रकमेवरून राज्याच्या वाट्यापर्यंत गेली. आणि मग जानेवारी १७५१ मध्ये, नवा राजा बसून जेमतेम काही दिवस झाले असताना, छावणीतले काही हजार मराठे दिवसभरासाठी जयपूर शहरात गेले.

ते कशासाठी गेले, हे वाचून मी फोन खाली ठेवला. लढायला नाही, लुटायलाही नाही. नवं शहर बघायला, देवळांत दर्शनाला, आणि घोडे, उंटाची खोगिरं असलं सामान खरेदी करायला. जयपूर १७२७ साली वसलं, म्हणजे तेव्हा ते २३ वर्षांचं होतं. आमचं हिंजवडीचं आयटी पार्क आज साधारण तेवढ्याच वयाचं आहे. विद्याधर भट्टाचार्यांनी चौकोन आखून बसवलेलं शहर, सरळ रुंद रस्ते, एकसारखी दुकानं, जंतरमंतर. असं शहर त्यांच्यातल्या कुणी पाहिलं असणार? हवामहल तेव्हा नव्हता, तो १७९९ चा. शहराचा गुलाबी रंग तर १८७६ चा, इंग्लंडच्या युवराजासाठी दिलेला. पण बाजार तोच होता.

दुपारी वेशी बंद झाल्या आणि कत्तल सुरू झाली. ती मध्यरात्रीपर्यंत चालली. गल्ल्यांतून, छपरांवरून, जिथे सापडेल तिथे. सुमारे तीन हजार माणसं मेली, हजारभर जखमी झाली. मेलेल्यांत सरदार होते, ब्राह्मण होते, बायका आणि मुलंही होती. बाहेर आसपासच्या खेड्यांतही, रस्त्यावर दिसलेले मराठी जासूद मारले गेले. माधोसिंहाने नंतर हात वर केले. हा नगरवासीयांचा दंगा, माझा संबंध नाही. होळकर-शिंद्यांनी तेव्हा सूड घेतला नाही. दिल्लीचा वजीर सफदरजंग याच्या बोलावण्यावरून दोघेही पुढच्या मोहिमेला निघून गेले.

जैसलमेरला पोचेपर्यंत माझ्याकडे मेल तयार नव्हता. आणि काका दिवसातून दोनदा विचारत होते.

समच्या वाळूत उंटावर बसून सूर्यास्त बघायचा कार्यक्रम झाला. आईने उंटावर बसायला साफ नकार दिला आणि वाळूत चप्पल काढून तासभर नुसती बसून राहिली. मी तिला म्हटलं, मराठ्यांच्या स्वाऱ्यांतून सुटलेलं हे राजस्थानातलं विरळा संस्थान, वाळवंटाने वाचवलं. ती म्हणाली, "इथून न्यायचं तरी काय होतं, वाळू?" खरं तर जैसलमेरकडे व्यापाराचा पैसा होता. पण घोड्यांना पाणी नसेल तर पैशाचा काय उपयोग, हे ओघाने आलंच.

तिथूनच मी जयपूरच्या गाइडला फोन केला. त्याने बसमधून उतरताना सगळ्यांना नंबर दिला होता. मी त्याला तक्रारीचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, ईसरलाटच्या नंतरची गोष्ट, जानेवारीची, तुम्हाला माहीत आहे का? तो हसला. "पता है साब. पर मराठी ग्रुप को नहीं सुनाते. खाने का टाइम होता है. और यहाँ के ग्रुप को वही सुनाओ तो ताली बजाते हैं. मुझे वो भी अच्छा नहीं लगता." मग म्हणाला, बहुतेक ग्रुपना तो राजा सेनापतीच्या मुलीवर भाळला होता आणि तिला बघायला त्याने मनोरा बांधला, ही गोष्ट सांगतो. ती सगळ्यांना आवडते. आमच्या ग्रुपला खरी सांगितली, कारण आमच्यापैकी कुणीतरी सकाळी जंतरमंतरला फार चांगले प्रश्न विचारले होते.

ते प्रश्न मी विचारले होते. सम्राटयंत्राची सावली दोन सेकंदांपर्यंतची वेळ कशी दाखवते, याबद्दल.

जोधपूरहून उदयपूरला जाताना नाथद्वारा लागतं. आईची खरी सहल तीच होती. श्रीनाथजीच्या रांगेत उभं असताना मी तिला राधाबाईंबद्दल सांगितलं. बाजीरावांची आई. फेब्रुवारी १७३५ मध्ये पुण्याहून निघाली आणि १७३६ च्या उन्हाळ्यात परतली. उदयपूर, नाथद्वारा, जयपूर, मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी, गया. आमच्या आठ दिवसांसमोर तिची सव्वा वर्षाची सहल. उदयपूरच्या महाराण्याने तिचं स्वागत केलं, सवाई जयसिंहाने जयपुरात मानाने ठेवून घेतलं. बाजीरावांशी लढून हरलेल्या महंमदखान बंगशानेही तिची बडदास्त ठेवली. अर्थात नुसतं पुण्य हा हेतू नव्हता, उत्तरेत आपल्याबद्दल काय वारं आहे ते त्यातून कळत होतं. पुढच्याच वर्षी बाजीराव स्वतः उदयपूरला आले. महाराण्याने बरोबरीचं आसन दिलं तर ते एक पायरी खाली बसले, असं सांगतात. आणि खाली बसूनही दरसालची दीड लाखाच्या आसपास रक्कम ठरवून घेतली.

१७३५ ला जयपूरने पुण्याच्या एका म्हाताऱ्या बाईला सन्मानाने सांभाळलं. १७५१ ला त्याच शहराने वेशी लावून घेतल्या. मध्ये फक्त सोळा वर्षं आहेत. आईला मी हे दोन्ही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे सहलीलाच आलेली माणसं की रे ती. मी पण त्याच बाजारात रजई घेतली."

पुढचं मी तिला सांगितलं नाही. १७५५ च्या जुलैमध्ये नागौरला वेढा घालून बसलेल्या जयाप्पा शिंद्यांना, बोलणी करायला आलेल्या राठोडांच्या माणसांनी छावणीतच मारलं. चिडलेल्या छावणीने मध्यस्थीला आलेला उदयपूरचा वकील रावत जैतसिंह यालाही कापून काढलं. त्याचा या कटाशी काही संबंध नव्हता. आणि पानिपताच्या वेळी जयपूर-जोधपूरकर आपल्या मदतीला आले नाहीत, उलट अब्दालीशी संधान बांधून होते, याबद्दल आपण त्यांना अजून बोल लावतो.

उदयपूरला शेवटच्या रात्री मी काकांना म्हटलं, मेल नाही लिहिणार. गाइडने चुकीचं काही सांगितलं नाही. त्यांना सगळं सांगितलं, तारखांसकट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "आणि मिर्झाराजे जयसिंगाचं काय? याच जयपूरवाल्यांचा पूर्वज ना तो? औरंगजेबाची फौज घेऊन आमच्या पुरंदरला आला. मुरारबाजी पडले. तेवीस किल्ले घेतले. मावळातली गावं जाळली. ते कुठला गाइड सांगतो?"

सन १६६५. मुद्दा खरा होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. जाळलेल्या गावांतल्या कुणाचा नातू १७५१ ला खोगीर विकत घ्यायला जयपूरच्या बाजारात गेला नसेल कशावरून, एवढंच मला सुचलं, आणि ते बोलून उपयोग नव्हता. काका म्हणाले, "बरं, राहू दे मेल." गुड नाइट न म्हणता खोलीत गेले. विमानतळावर मात्र स्वतःहून माझी बॅग ट्रॉलीवर ठेवली.

माझ्या टीममध्ये एक मुलगा नागौरचा आहे. परत आल्यावर कँटीनमध्ये मी त्याला विचारलं, तुमच्याकडे ताऊसरला जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे, पाहिलीयस का? त्याने नाव ऐकलं नव्हतं. होळीला घरी गेला तेव्हा बाइक काढून मुद्दाम गेला आणि फोटो पाठवला. उन्हात घेतलेला, थोडा तिरका, कोपऱ्यात त्याच्या बाइकचा आरसा. खाली लिहिलं होतं, "भाई, ये था कौन? यहाँ क्या कर रहा था?"

मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं, लंबी कहानी है, सोमवार को लंच पे.