बातमीलेखन

बातमीलेखन : घडलेली किंवा उघडकीस आलेली गोष्ट पडताळून, तिचे महत्त्व वाचकाला चटकन कळेल अशा क्रमाने मांडण्याचे कसब. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने ६ जानेवारी १८३२ रोजी मराठी वृत्तपत्रांचा आरंभ केला, मात्र त्या शतकातील पत्रांत निबंध आणि अग्रलेख यांचाच मान मोठा होता. बातमीची आजची घट्ट बांधणी दैनिके आणि वृत्तसंस्था वाढल्यावर रुळली.

नवशिक्या बातमीदाराला आधी सहा ककार शिकवतात : काय, कोण, कुठे, केव्हा, का, कसे. महत्त्वाची उत्तरे सुरुवातीच्या परिच्छेदात, म्हणजे इंट्रोत, आणि उरलेला तपशील उतरत्या महत्त्वाने खाली, या रचनेला उलटा पिरॅमिड म्हणतात. तिची सोय पान लावताना कळते. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो आणि गाभा शाबूत राहतो. सहाही ककार एकाच वाक्यात कोंबण्याचा हट्ट मात्र मराठीत जाचक होतो. क्रियापद शेवटी येत असल्याने काय झाले हे कळेपर्यंत वाचकाचा दम निघतो. दुसरा जुनाट दोष इतिवृत्ताचा : ‘स्थायी समितीची सभा अमुक यांच्या अध्यक्षतेखाली पार पडली.’ सभा पार पडणारच. तिथे पाणीपट्टी वाढली असेल, तर बातमी ती आहे.

लिहिणे सरावाने जमते. खरी कसोटी पडताळणीची. पोलिसांची प्रेसनोट ही एकच बाजू असते. ती फिर्यादीशी, पंचनाम्याशी, प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्याशी ताडून पाहावी लागते आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणेही घ्यावे लागते. नावे, हुद्दे, वय, रकमा पुन्हा विचारून घेण्यात कमीपणा नाही. अटक झालेला माणूस ‘संशयित’ किंवा ‘आरोपी’ असतो. ‘चोरट्यास अटक’ हा मथळा न्यायालयाच्या आधीच निकाल देऊन मोकळा होतो.

काही तपशील हाती असूनही छापता येत नाहीत. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने, मोजके अपवाद वगळता, मनाई आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ पीडित, साक्षीदार किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा व छायाचित्र प्रसिद्ध करू देत नाही. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.