दुसरा जोड

आजवर माझ्या हातून सात कादंबऱ्या लिहून झाल्या. त्यांपैकी चार ऐतिहासिक. या चारही कादंबऱ्यांतले माझे नायक रात्री-अपरात्री घाट उतरतात, काट्याकुट्यांतून दौडत सुटतात, एका रात्रीत वीस-वीस कोसांची मजल मारतात. पण त्यांच्यापैकी एकाच्याही पायाला कधी फोड आलेला नाही, की कुणाच्या वहाणेचा अंगठा तुटलेला नाही. घोडा फेसाळतो, तलवारीची धार जाते, वाट पाहून नायिकेचे डोळे शिणतात. नायकाचे पाय मात्र पोलादाचे!

हा दोष माझ्या एकट्याचाच नसावा. आपल्या बोलण्यातच जोड्याला मान नाही. कुणाला जोडे मारतात, कुणी कुणाचे जोडे उचलतो, तर कुणी कचेरीत खेटे घालून जोडे झिजवतो. घरात त्याची जागा उंबरठ्याबाहेर. भरताने पादुका सिंहासनावर ठेवल्या हे खरे. पण त्या क्षणापासून त्या पूजेच्या झाल्या, चालण्याच्या राहिल्या नाहीत. ज्याच्या आधाराने माणूस चालतो ती वस्तू एक तर देव्हाऱ्यात, नाही तर उंबऱ्याबाहेर. मधली, म्हणजे रोजच्या विचारातली जागा तिला नाहीच.

मलाही हे सुचले नसते. सुचवले ते एका मुलाच्या पायाने.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीची पस्तीस मुले घेऊन आम्ही दोघे शिक्षक राजगडावर गेलो होतो. बरोबर काय आणायचे ते मी आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिले होते : पाण्याची बाटली, दशमी-चटणी, टोपी, बॅटरी, वही, पेन्सिल. चढताना मुले माकडांसारखी वर गेली. पद्मावती माचीवर बसून मी त्यांना महाराजांच्या राजधानीची हकीकत सांगितली. उतरताना एक मुलगा सारखा मागे पडू लागला. मी वळून ओरडलो, "अरे, पाय उचल की! मावळ्यांची मुले ना आपण?" तो हसला आणि पाय उचलू लागला. खाली गुंजवण्यात पोहोचल्यावर त्याने बूट काढला, तेव्हा मोजा टाचेला चिकटलेला होता आणि लाल झालेला होता. बूट थोरल्या भावाचे होते. पुढे कागदाचे बोळे कोंबून त्याने ते पायांना बसवले होते. पुढे ती जखम चिघळली, ताप भरला, दवाखाना झाला. वीस दिवस पोरगा शाळेला मुकला. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या आईने आधी चहा पुढे केला आणि मग इतकेच म्हटले, "गुरुजी, तुम्ही विचारलं असतं ना, तर त्यानं सांगितलं असतं."

त्या वाक्याने मला कामाला लावले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तरी शब्दकोश हाताशी घेऊन मी प्रवासांची, मोहिमांची आणि माघारींची वर्णने वाचू लागलो. या वेळी तलवारींकडे न पाहता पायांकडे पाहत. आणि काय सांगावे! इतिहास पायांच्या दुखण्यांनी भरलेला निघाला.

सर्वांत आधी भेटला तो झेनोफन नावाचा ग्रीक. इ. स. पू. ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र सायरस आपल्या भावाचे सिंहासन बळकावायला निघाला. त्याच्या पदरी सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री शिपाई होते. बाबिलोनजवळ कुनाक्साच्या लढाईत सायरसच पडला, मागाहून ग्रीकांचे सेनापती दग्याने धरले गेले, आणि हे दहा हजार शत्रूच्या मुलखात निर्नायक झाले. त्यांना परतीच्या वाटेला लावणाऱ्यांत झेनोफन एक होता. वाट डोंगरांतून आर्मेनियात गेली आणि ऐन हिवाळ्यात बर्फाने त्यांना गाठले. पिछाडी सांभाळणाऱ्या झेनोफनने तेथे जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. कित्येकांच्या पायांची बोटे थंडीने झडली. जे पाय सतत हलवीत राहिले आणि रात्री निजताना वहाणा सोडून ठेवीत राहिले ते वाचले. जे वहाणांसह निजले त्यांच्या पायांत वाद्या रुतल्या आणि वहाणा पायांवरच गोठल्या. कारण काय? तर जुने जोडे केव्हाच झिजून संपले होते आणि नुकत्याच सोललेल्या बैलांच्या कच्च्या कातड्याची पादत्राणे बांधून लोक चालत होते. कच्चे कातडे गोठले की लाकडासारखे होते. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी एका सेनानायकाने दोन गोष्टी सांगून ठेवल्या : रात्री पाय मोकळे करा, आणि जोडा संपण्यापूर्वी दुसऱ्याची तजवीज करा.

दुसरा भेटला तो आपल्या ओळखीचा. आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला. १८०३ च्या ऑगस्टात त्याने अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असईपाशी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी तो लढला. त्या दिवशी सकाळभर चालून आलेली आपली पलटण त्याने तशीच रणात घातली. आपल्याला हा माणूस तोफांमुळे आठवतो. त्याच्या नावावर सांगितली जाणारी एक गोष्ट मात्र वेगळीच आहे. शिपायाला सर्वांत जरुरीची वस्तू कोणती, असे कुणी तरी त्याला विचारले. तो म्हणाला, चांगला जोडा. दुसरी? आणखी एक चांगला जोडा. आणि तिसरी? जादा तळव्यांचा एक संच! गोष्ट खरी असो वा रचलेली. ती शिपाईगड्यांत टिकली, कारण त्यांच्या टाचांना ती पटली. त्या काळी बहुतेक लष्करी जोड्यांत डावा-उजवा हा भेदही नसे, दोन्ही सारखेच. असल्या जोड्याने पाय सोलवटले नसतील तर नवल.

साधारण त्याच सुमारास अमेरिकेत ल्युइस आणि क्लार्क या दोन अधिकाऱ्यांची तुकडी खंड ओलांडून प्रशांत महासागराच्या काठी पोहोचली होती. तीसेक माणसे. १८०५-०६ चा हिवाळा त्यांनी समुद्राजवळ एका लाकडी कोटात काढला. पाऊस थांबेना. बसल्या बसल्या त्यांनी काय केले? मुख्यतः एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या कातड्याचे मऊ जोडे शिवले. तुकडीतल्या एका सार्जंटने मार्चमध्ये ते मोजले : ३३८ जोड. माणशी दहाहून अधिक! येताना निवडुंगाच्या काट्यांनी त्यांचे तळवे चाळणीसारखे केले होते. परतीची वाटही तीच होती. वाट ओळखीची आहे म्हणून ते निर्धास्त झाले नाहीत. वाट ओळखीची आहे म्हणूनच त्यांनी जोडे शिवले. माझ्या फळ्यावरच्या यादीत चढण होती, उतरण नव्हती, हे मला तेव्हा कळले.

येथवर जोड्याचा हिशेब झाला. पण त्या आईने मला जोड्याविषयी विचारले नव्हते. मी विचारले का नाही, एवढेच विचारले होते. त्याचे उत्तर मला पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत सापडले.

१९१४ च्या पानगळीत आपली हिंदी फौज फ्रान्सला उतरली. पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्सही तीत होते. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावात घरोघर शिरून लढल्या. पाठोपाठ हिवाळा आला आणि खंदकांत गुडघागुडघा पाणी साचले. दिवसचे दिवस ओले बूट आणि आवळलेल्या पट्ट्या. तेव्हा एक नवेच दुखणे पसरले, 'खंदकपाय' म्हणू या त्याला. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. थंडगार ओल पुरते. रक्त फिरेनासे होते, पाय बधिर होतो, मग सुजतो, फोड येतात आणि शेवटी मांस सडू लागते. त्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश फौजेत या दुखण्याचे वीस हजारांवर रोगी झाले. यातली मेख अशी की, पाय आधी बधिर होतो. म्हणजे दुखत नाही! ज्याचा पाय जातो आहे त्यालाच ते शेवटी कळते.

त्यावर उपाय निघाला तो कुठल्या औषधाचा नव्हे. शिपायाने कोरडे मोजे जवळ बाळगायचे, ते रोज बदलायचे, पायांना देवमाशाचे तेल चोळायचे. हे तर होतेच. पण शिपायांच्या दोघा-दोघांच्या जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे पाय तपासायचे. आणि पाय बिघडले तर जाब अधिकाऱ्याला. पुढच्या काळात दुखणे पुष्कळ आटोक्यात आले. माणूस आपल्या पायाचे दुखणे लपवितो. कधी लाजेने, कधी मागे पडण्याच्या भीतीने, कधी ते त्यालाच ठाऊक नसते म्हणून. तेव्हा दुसऱ्या कुणी तरी वाकून पाहिले पाहिजे. जोडा जोडीने येतो. माणसालाही दुसरा जोड लागतो.

आणि तो नसेल तर? डग्लस मॉसन हा ऑस्ट्रेलियन भूशास्त्रज्ञ १९१२ च्या नोव्हेंबरात दोन सोबत्यांसह दक्षिण ध्रुवाकडच्या हिमखंडात आत शिरला. १४ डिसेंबरला निनिस हा सोबती हिमदरीत नाहीसा झाला. त्याच्याबरोबर चांगली कुत्री, तंबू आणि बहुतेक सारे अन्न गेले. तळ सुमारे पाचशे किलोमीटर दूर. ८ जानेवारी १९१३ ला दुसरा सोबती मेर्ट्झ वारला. तीन दिवसांनी मॉसनने मोजे काढले, तर दोन्ही तळव्यांची जाड कातडी अखंड सुटून आलेली. त्याने कच्च्या मांसाला लोकरीच्या चरबीचे मलम फासले, सुटलेली कातडी पुन्हा जागेवर ठेवून पट्ट्यांनी बांधली, वर लोकरी मोज्यांचे सहा जोड चढवले आणि तो चालू लागला. विचारणारा कुणी नव्हता. आपला जोडीदार तो आपणच झाला.

पण याच शहाण्या माणसाच्या हातून एक चूक झाली होती. बर्फावर पकड घेणारे लोखंडी काटे त्याने ओझे हलके करण्यासाठी वाटेत टाकून दिले होते. शेवटच्या निसरड्या उतारावर ते लागले. लाकडी पेट्यांच्या फळ्यांत खिळे ठोकून त्याने तसले काटे बनवले. ते मोडत, पायांना टोचत. तळापासून जेमतेम नऊ किलोमीटरवरच्या बर्फाच्या गुहेत वादळामुळे आणि नीट काटे नसल्यामुळे तो आठवडाभर अडकला. ८ फेब्रुवारीला तो खाली पोहोचला, त्याच्या काही तास आधी जहाज निघून गेले होते. दूर पाण्यावर त्याला ठिपका तेवढा दिसला. त्याच्यासाठी मागे राहिलेल्या सहा जणांबरोबर त्याला आणखी एक हिवाळा तेथे काढावा लागला. ओझे किती वाचले असेल? दोन-चार शेर.

वाचक म्हणतील, गुरुजी, दिवाळीच्या फराळाला हे बर्फ आणि खंदक कशाला? म्हणून घरचेच सांगून आवरते घेतो. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी आपल्या मागण्या घेऊन पायी मुंबईला निघाले. सुमारे एकशे ऐंशी किलोमीटरची वाट, मार्चचे ऊन, तापलेला डांबरी रस्ता. त्यांत आदिवासी बायाबापड्या पुष्कळ. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिली. शेवटची मजल त्यांनी रात्रीतून चालून काढली. का, तर दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांचा पेपर होता आणि रस्ता अडून त्यांचा खोळंबा होऊ नये. मास्तर म्हणून मला आजही त्याची आठवण झाली की गहिवरून येते. त्याच मुंबईत, कुणीही हुकूम न देता, लोक पाणी घेऊन आले, खाणे घेऊन आले आणि चपला घेऊन आले. ज्यांना ती माणसे ठाऊकही नव्हती, त्यांनी आधी पाहिले ते त्यांच्या पायांकडे.

यंदाही आमची सहल गडावर गेली. फळ्यावरच्या यादीत आता आणखी काही ओळी असतात : पायात रुळलेलेच बूट, नवे नकोत. कोरड्या मोज्यांचे दोन जोड. पिशवीत एक हलकी चप्पल. सुती कापडाची पट्टी, सुई-दोरा. टाचेला नुसती ऊब जाणवली तरी तेथेच थांबायचे. फोड यायची वाट पाहायची नाही. आलाच, तर फोडायचा नाही. वाटेत अर्ध्यावर मी शिटी वाजवतो. सगळी मुले दोघा-दोघांनी समोरासमोर बसतात, बूट काढतात आणि एकमेकांचे पाय पाहतात. हसतात, नाके धरतात, पण पाहतात.

तो मुलगा आता मोठा झाला. यंदा स्वतःहून मदतीला आला होता. शिटी झाली तेव्हा माझ्यासमोर जोडीला कुणी उरले नव्हते. तो येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, बूट काढा."