जाळलेला कागद आणि जपलेला कागद

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आणि रोहा म्हटले की कुंडलिकेचा काठ, एवढीच या दोन गावांची ओळख पुष्कळांच्या मनात असते. परंतु रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, याच परिसराने देशाला दोन असामान्य माणसे दिली. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते या गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. देशमुखांचे घराणे रोह्याचे आणि चिंतामणाचे बालपणही बव्हंशी रोह्यातच गेले. पुढे एकाला लोक आचार्य विनोबा म्हणून ओळखू लागले आणि दुसऱ्याला सी. डी. देशमुख म्हणून.

या थोर पुरुषांची चरित्रे सांगण्याचा येथे हेतू नाही. पाहायचे आहे ते त्यांचे कोवळे वय. आज आपल्या घरांत तेरा-चौदा वर्षांचा मुलगा केस वेगळ्याच तऱ्हेने कापून येतो, मुलगी हाताला कसला तरी दोरा बांधते, कोणी दंडावर गोंदवून घेते, कोणी मोबाइलवर आपल्या नावापुढे एखादे चित्र लावते. आईवडील चिंतेत पडतात किंवा संतापतात. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'मी कोण?' हाच या वयाचा मुख्य प्रश्न असल्याचे प्रतिपादन केले. नाव, पोशाख, जात आणि भाषा ही आपल्याला मिळालेली चिन्हे असतात. किशोरवयात माणूस पहिल्यांदा स्वतःची चिन्हे निवडू लागतो. त्या निवडीचे मोल कसे ओळखावे, या प्रश्नाचा विचार करताना पेण-रोह्याचे हे दोन मुलगे आपल्या उपयोगी पडतील.

विनायकाचे बालपण गागोद्यात आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेले. घरचा फणस पिकला की आई त्यातले वाटे आधी शेजारपाजारच्या घरी धाडीत असे. घरातल्या मुलांची पाळी त्यानंतर. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेले. शाळेत वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्याने फ्रेंच भाषा घेतली. मनाने मात्र त्याने निराळीच वाट धरली होती. आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय त्याने वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास केला होता. ब्रह्मचाऱ्याने जोडा, छत्री आणि गादी वापरू नये, असे त्याच्या वाचनात आले, आणि त्याने तिन्ही वस्तू सोडून दिल्या. बडोद्याच्या रणरणत्या उन्हात हा मुलगा अनवाणी आणि उघड्या डोक्याने हिंडू लागला.

आज एखाद्या घरात असे घडले तर आपण काय म्हणू? हट्टी, विक्षिप्त, पुस्तके वाचून बिघडलेला! विशेष हे की स्वतः विनोबांनीही पुढे या व्रताचे आंधळे कौतुक केले नाही. गादी सोडल्याने काही बिघडले नाही. परंतु त्या उन्हात अनवाणी हिंडल्याचा परिणाम आपल्या डोळ्यांवर झाला असावा, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. पुस्तकातील नियम त्यांनी शब्दशः उचलला होता. निष्ठा खरी असली तरी तिच्यासाठी निवडलेले चिन्ह चुकीचे असू शकते. ते नम्रपणे मान्य करण्यासाठी प्रौढपण यावे लागते.

दुसरा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. विनायक आता विशीत आला होता आणि इंटरमिजिएटची परीक्षा तोंडावर होती. आई चुलीपाशी स्वयंपाक करीत असताना त्याने आपल्या परीक्षांची प्रमाणपत्रे आणली आणि ती जाळायला सुरुवात केली. हे काय चालले आहे, असे आईने विचारले. मला यांचा उपयोग नाही, असे त्याने सांगितले. आज नसेल, पण राहू दिली तर कोठे बिघडते, अशी तिची साधी व्यवहारी शंका होती. नोकरी करावयाचीच नाही, मग ती ठेवायची कशाला, असे मुलाचे उत्तर होते. २५ मार्च १९१६ रोजी परीक्षेसाठी मुंबईला जाण्यास निघालेला विनायक वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादेतील कोचरब आश्रमात त्याची गांधीजींशी पहिली भेट झाली.

आता रोह्याच्या मुलाकडे वळू. १९१२ साली चिंतामण मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला आला. त्या काळी या विद्यापीठाच्या परीक्षेला सिंधपासून गुजरात, महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकापर्यंतची मुले बसत. त्याला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही मिळाली. नाना शंकरशेट यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी ही शिष्यवृत्ती मिळवणे हे मराठी घरांतून किती मानाचे समजले जाई, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. चिंतामण तेव्हा सोळा वर्षांचा होता. कोकणातील वकिलाच्या या मुलाने हा कागद जाळला नाही, जपला. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्याने वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली पदवी संपादन केली आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकावले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेतही तो सर्वप्रथम आला.

येथे आपले मन घाईने निकाल देऊन मोकळे होते. एकाने प्रमाणपत्र जाळले, तो त्यागी. दुसऱ्याने ते शिडीसारखे वापरले, तो व्यवहारी! १९४० साल पाहिले तर हा निकाल खराही वाटेल. त्या वर्षी १७ ऑक्टोबरला विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले आणि लवकरच ते तुरुंगात गेले. त्याच वेळी देशमुख रिझर्व्ह बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. ऑगस्ट १९४३ मध्ये ते बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ साली ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. इंग्रज राजाचे चित्र आणि त्याच नोटेवर रोह्याच्या देशमुखांची सही, असा तो काळ होता.

पण माणसाची पारख एका वर्षावरून होत नसते. स्वातंत्र्यानंतर देशमुख भारताचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. हा निर्णय मंत्रिमंडळाच्या रीतसर विचारविनिमयावाचून झाला, तसेच मुंबईतील गोळीबारांची चौकशी नाकारली गेली, असा आक्षेप घेऊन देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. सत्तेच्या शिखरावर असलेल्या साठ वर्षांच्या माणसाने ती खुर्ची सोडली. गागोद्याच्या मुलाने विसाव्या वर्षी चुलीत घातलेल्या कागदाइतकेच हे त्यागाचे कृत्य होते. सोळाव्या वर्षीच्या शिष्यवृत्तीने चिंतामणाला हुद्दे मिळवून दिले, परंतु त्या हुद्द्यांचा गुलाम केले नाही.

त्याचप्रमाणे विनोबांची खूणही त्या जळलेल्या कागदापाशी थांबली नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला आणि पुढची तेरा वर्षे ते गावोगाव पायी फिरून भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिले. बडोद्याच्या उन्हातील पायपीट ही स्वतःच्या व्रतासाठी होती. ही पायपीट इतरांसाठी होती. ज्या घरात फणसाचा पहिला वाटा शेजाऱ्याचा असे, त्या घरचा संस्कार येथे फळाला आला, असे म्हटले तर चूक होऊ नये.

दोघांच्या वाटा किती दूर गेल्या! तरी तरुणपणी जडलेली एक ओढ दोघांत समान राहिली, ती संस्कृतची. विनोबांनी आईच्या इच्छेला स्मरून १९३०-३१ मध्ये गीता मराठीत आणली. ती 'गीताई' घरोघर पोहोचली. देशमुखांनी राज्यकारभाराच्या धबडग्यातही कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत उतरवले. रॅमन मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ साली मिळाला आणि लगेच पुढच्या वर्षी देशमुखांना. चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघांनी जगाचा निरोपही दीड महिन्याच्या अंतराने घेतला: देशमुखांनी २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत आणि विनोबांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला.

मग आपल्या मुलामुलींच्या चिन्हांकडे कसे पाहावे? अनवाणी पाय, जाळलेला कागद, शिष्यवृत्ती यांपैकी कोणतीही वस्तू स्वतः मूल्य नव्हती. त्या वस्तूमागे काय आहे हे पुढील आयुष्याने ठरवले. ज्या चिन्हासाठी माणूस काही सोडायला तयार असतो, ते टिकते. जे केवळ दुसऱ्यांनी पाहावे म्हणून मिरवले जाते, ते पुढच्या जत्रेपर्यंतही उरत नाही. एकाच घरात कागद जाळणारे मूल असेल आणि जपणारेही असेल. दोघांना एकच माप लावू नये.

राहता राहिली आईवडिलांची भूमिका. रुक्मिणीबाईंनी त्या दिवशी मुलाच्या हातातला कागद हिसकावून घेतला नाही, आणि गप्पही बसल्या नाहीत. हे काय करतोस, असे त्यांनी विचारले, आपली शंका बोलून दाखवली आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले. आपल्याकडूनही मुलांना हा प्रश्न विचारला जावा. मात्र तो विचारताना उत्तर ऐकण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.