खण, सूत आणि संगणकावरची रेघ

आजचा विषय तसा छोटा आहे. घर बांधायला निघालेल्या माणसाने आधी स्वतः नकाशा काढून पाहायचा, तर संगणकावरचे कोणते साधे साधन घ्यावे? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, इंजिनिअरिंग नव्हे. पण भिवंडीत हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो, आणि थोडा इतिहास पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर नीट लागत नाही असे आमचे मत आहे.

1982 हे वर्ष घ्या. 18 जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. माग भिवंडीत आधीपासून होतेच. आता काम वाढले, माणसे आली, आणि त्यांच्यासाठी इमारती भराभर उभ्या राहिल्या. कित्येक ठिकाणी खाली माग आणि वर बिऱ्हाडे. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत ऑटोकॅड बाजारात आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे तेव्हा टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनियाचा वास येणारी प्रिंट, एवढीच सामग्री. पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत 1984 ची. ती 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे कोसळली आणि 40 च्या आसपास माणसे गेली. तेव्हा नकाशा हा विषय या गावात हौसेचा नाही.

आता जरा मागे जाऊ. आपले जुने वाडे फुटात नव्हे, खणांत मोजले जात. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. सोपा किती खणी, माजघर किती खणी, एवढे बोलले की सुताराला घर कळत असे. यातली मेख बघा. खण किती रुंद घ्यायचा ते तुळईच्या लाकडावर ठरे. म्हणजे त्या एका शब्दात जागेचे मापही होते आणि भाराचा हिशेबही होता. दोन्ही वेगळे काढताच येत नसत.

संगणकावरच्या रेघेत हे नाही. गंमत अशी की सुरुवातीला थोडे होते. 1963 साली एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध लिहिला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढायची आणि यंत्राला सांगायचे, या दोन रेघा समांतर राहू देत; ते यंत्र तसे राखत असे. सदरलँडनी त्यावर पुलाचा सांगाडा काढून त्यातले ताण-दाबसुद्धा दाखवले होते. पुढे घरोघरी पोचलेल्या साधनांत मात्र रेघ ही नुसती रेघ उरली.

तर निवड कशी करायची? लिब्रेकॅड फुकट आहे, पण त्यात तुम्ही काढलेली भिंत म्हणजे दोन समांतर रेघा, बस्स. ज्याला ड्रॉइंग येते त्याला ते उत्तम. स्केचअप 2000 साली आले, 2006 मध्ये गूगलने घेऊन फुकट वाटले, 2012 पासून ट्रिंबलकडे आहे. घर बाहेरून कसे दिसेल, जिना कुठून चढेल, हे पाहायला त्याच्यासारखे दुसरे नाही. पण माणूस त्यात रमतो, आठवडाभर खिडक्यांच्या छज्ज्यांशी खेळत बसतो. आमची पसंती स्वीट होम थ्रीडीला. त्यातली भिंत ही भिंतच असते, तिला जाडी असते, दार ठेवले की भिंतीला आपोआप भोक पडते. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. फक्त पहिल्याच दिवशी भिंतीची जाडी बदलून घ्या: आपली बाहेरची 9 इंची, आतली साडेचार इंची, वर गिलावा. गुंठाभर, म्हणजे 1089 चौरस फुटांच्या प्लॉटवर ही जाडीच केवढी जागा खाते ते तेव्हा दिसते.

दुसरे मापांचे. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, मिस्त्री बोलणार फूट, इंच आणि सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खडी-रेती ब्रासवर. म्हणून प्रिंटवर दोन्ही मापे लिहा.

आणि एक. यातले कोणतेही साधे साधन तुम्हाला 25 फुटी हॉल खांबाशिवाय काढू देईल, वर आणखी दोन मजले चढवू देईल, खाली माग बसवू देईल. हूं की चूं करणार नाही. माग चालू असताना जमिनीला पाय लावून उभे राहिलेल्यांना आम्ही काय वेगळे सांगणार! खांब-तुळयांचा कागद स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच हवा, आणि आपला नकाशा त्याच्यापुढे ठेवायचा तो त्याने खोडावा म्हणून. पुष्कळ लोक उलट करतात. आधी नकाशावर जीव जडतो, मग इंजिनिअरने मध्येच घातलेला खांब डोळ्यांत खुपतो, आणि साइटवर मिस्त्रीला हळूच सांगून तो सरकवला जातो.

पाया आखताना मिस्त्री जमिनीवर फक्की टाकतो. त्या पांढऱ्या रेघांच्या आत घरातल्या सगळ्यांनी एकदा उभे राहावे, बेडरूमच्या जागी 6 बाय साडेसहाच्या कॉटएवढी चटई अंथरावी, दार कुठे उघडते ते हाताने करून पाहावे. काही बदलायचे असेल तर त्याच दिवशी इंजिनिअरला फोन करावा, कारण दुसऱ्या दिवशी खोदाई सुरू होते.

आता प्रश्न घेऊ.